आठवी खुर्ची

८ जानेवारी

आज सूनबाईनं मला कामाला लावलं. खालच्या गॅरेजमधून हाक आली, "बाबा, जरा खुर्ची धरता का?" दोन मिनिटांचं काम असेल म्हणून गेलो, तो जेवायलाच वर आलो.

तिचा कारखाना बंद पडल्यापासून ती गॅरेजमध्ये गादीच्या खुर्च्या दुरुस्त करते. कापड, फोम, स्प्रिंगा, खालचं लोखंड, सगळं तीच. चिरंजीव मालवाहू जहाजावर, वर्षातले निम्मे महिने पाण्यात. मी जन्मभर वजनकाट्यावर ट्रक तोलले आणि सप्टेंबरात निवृत्त झालो. तेव्हापासून घरात मी म्हणजे हलवता न येणारं कपाट. हे वाक्य माझं नाही, हिचं, म्हणजे बायकोचं आहे.

खुर्ची चांगलीच जड निघाली. म्हटलं, "तू रोज एकटी उचलतेस ना?" तर जिन्यावरून ही ओरडली, "अहो, तिला आता जड उचलू द्यायचं नाही!"

"का?"

दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. सूनबाईला हसू आवरेना. ही म्हणाली, "पाचवा सरत आलाय तिचा. तुम्ही याच घरात राहता ना?"

मला कुणी सांगितलंच नाही, असं मी म्हणालो. हिचं म्हणणं, दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा मी पेपरातून डोकं न काढता "बरं बरं" म्हणालो. असेलही. संध्याकाळी फिरायला गेलो तो दोन चकरा जास्तच मारल्या. आजोबा!

११ जानेवारी

मोठं काम आलंय. इस्पितळात वेळेआधी जन्मलेल्या बाळांचा वॉर्ड आहे. तिथे आया आपापल्या बाळाला छातीशी धरून बसतात. त्यासाठी आठ खुर्च्या आहेत, हळूहळू पुढे-मागे सरकणाऱ्या. गाद्या धड आहेत, पण खालची यंत्रणा पार झिजलीय. दर फेरीला खट्‌ करून हिसका बसतो आणि बाळं दचकतात. जुनी यंत्रणा काढून नवी बसवायची. एका वेळी दोनच खुर्च्या न्यायच्या, बाकीच्या तिथे लागतात.

सूनबाईनं पहिली खुर्ची जुन्या रजईवर उलटी केली. खाली काळं कापड पिनांनी ठोकलेलं असतं, ते उचकटायचं काम माझ्याकडे. कापड निघालं आणि मी बघतच राहिलो. इतकी वर्षं मी समजत होतो, खुर्ची म्हणजे पायांवर उभी असणारी वस्तू. ही उभी नव्हतीच. जमिनीवर एक लोखंडी चौकट, तिच्यावरून चार पट्ट्या सोडलेल्या, आणि बसायचा सगळा भाग त्या चार पट्ट्यांना टांगलेला.

"म्हणजे माणूस लटकत असतो?"

"लटकतच असतो, बाबा. त्याला फक्त कळू द्यायचं नसतं."

१४ जानेवारी

खरं लिहितो, सुनेच्या हाताखाली काम करायचं म्हणजे घशात काहीतरी अडकतं. समोरचा शिंपी रोज दारात उभा राहून बघतो. आज त्यानं विचारलं, "काय साहेब, नवी नोकरी?" मी म्हणालो, "हो, आणि इथली साहेब माझ्यापेक्षा कडक आहे." तो हसला. घशातलं निम्मं उतरलं.

उरलेलं दुपारी उतरलं. सूनबाई तपासणीला गेली होती. म्हटलं, येईपर्यंत एक यंत्रणा बसवून तिला चकित करू. चार बोल्ट तर होते. आवळले, खुर्ची उभी केली आणि ऐटीत बसलो. खुर्ची सरकली आणि मला सरळ पुढे जमिनीवर गुडघ्यांवर टाकून मोकळी झाली.

सूनबाई आली तेव्हा मी गुडघ्याला बाम चोळत होतो. तिनं खुर्चीखाली एकदा वाकून बघितलं. "बाबा, पुढची बाजू मागे लावलीत." रागावली नाही. यंत्रणेच्या पुढच्या कडेला तिनं खडूनं दोन डोळे काढून दिले. म्हणाली, "हे डोळे बसणाऱ्याच्या पायांकडे बघतात."

२२ जानेवारी

पहिल्या दोन खुर्च्या पोचवल्या. वॉर्डाच्या दारात कोपरापर्यंत हात धुवायला लावतात, अंगात त्यांचा झगा, तोंडावर मास्क. तिथल्या मुख्य म्हणजे मोठ्या सिस्टर. ठेंगण्या, चालताना पावलांचा आवाज नाही. काही न बोलता त्या खुर्चीत बसल्या. पुढे, मागे. डोळे मिटले. आम्ही दोघं परीक्षेला बसल्यासारखे उभे. डोळे न उघडताच म्हणाल्या, "सकाळपासून आत्ता बसतेय मी. दोन मिनिटं मला कुणी हाक मारू नका." सूनबाईनं मला कोपरानं हळूच ढोसलं. पास!

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

तिथे काचेच्या पेट्यांमध्ये बाळं होती. दुसऱ्याचं लेकरू, आपण कशाला टक लावून बघायचं, म्हणून मी मान खाली घातली होती. पण नजर गेलीच. बाळ म्हणजे मला गुटगुटीत माहीत. हे तसं नव्हतं. हे पूर्ण माणूस होतं, फक्त फार लांबून बघितल्यासारखं. कान इतके पातळ की दिव्याचा उजेड आरपार. बोटांना नखं होती. एवढ्याशा बोटांना नखं कुणी बसवली असतील?

खुर्चीत एक धिप्पाड माणूस होता, बहुधा गवंडी, हातांवर सिमेंटचे चट्टे. उघड्या छातीवर बाळ, आणि बाळाची सगळी पाठ त्याच्या एका तळव्याखाली झाकलेली. माणूस हलत नव्हता, पापणीसुद्धा हलवत नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "पेटीत याचा श्वास अडखळतो. बापाच्या छातीवर ठेवलं की लागते लय." मी वरच्या पडद्याकडे बघितलं. आकडे खरंच शांत झाले होते, वारा पडल्यावर पाणी होतं तसे.

जन्मभर मी चाळीस-चाळीस टन तोलले. दहा-वीस किलो इकडेतिकडे आम्ही धरतच नसू, तेवढा चिखल टायरलाच असतो. आणि इथे एक नर्स दुसरीला सांगत होती, "तीन नंबर, कालच्यापेक्षा बारा ग्रॅम जास्त!" दोघींचे चेहरे लग्नघरासारखे झाले.

बारा ग्रॅम.

६ फेब्रुवारी

चार खुर्च्या झाल्या. नव्या यंत्रणेची भोकं जुन्या भोकांवर बसत नाहीत, अर्ध्या बोटाचा फरक पडतो. जुनी भोकं लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवायची आणि नवी पाडायची. चारी बोल्ट आधी सैलच ठेवायचे आणि मग समोरासमोरचे आळीपाळीनं आवळायचे, नाहीतर चौकट पीळ खाते.

आता मी एकट्यानं बसवतो, ती तपासते. तिची तपासायची तऱ्हा अशी की खुर्चीत बसते, डोळे मिटते, एक हात खुर्चीच्या दांड्यावर, एक पोटावर. आज बराच वेळ उठेना. म्हटलं, काही चुकलं की काय.

"चुकलं नाही बाबा. इकडे थांबली की आत लाथ बसते. सरकली की गप्प."

पोटातल्या जिवाला खुर्ची कळते! रात्री जेवताना मी हे हिला तीनदा सांगितलं. ही म्हणाली, "मला दोन पोरं झालीत, मला काय सांगता?" पण चेहरा हिचाही फुलला होता.

२६ फेब्रुवारी

ही काल बहिणीकडे गेली. मेहुणीच्या खुब्याचं हाड मोडलंय, तीनेक आठवडे तरी राहावं लागेल. जाताना मला बजावून गेली, "तिच्याकडे लक्ष द्या. पेपरात डोकं घालून बसू नका."

पेपर बंदच केलाय.

४ मार्च

सूनबाईच्या बोटातली अंगठी निघेना. यंत्रात अडकेल म्हणून ती काम करताना काढून ठेवते. साबण लावला, दोरा गुंडाळला, शेवटी मी पक्कड आणली तेव्हा दोघं हसत सुटलो. कशीबशी निघाली, बोटावर खोल वळ राहिला. तब्येत सुधारतेय असं मी म्हणालो. आमच्याकडे येताना काडी होती नुसती.

११ मार्च

सहा खुर्च्या पोचल्या. उरलेल्या दोन वॉर्डातून हलवता येत नाहीत, बाळांची गर्दी वाढलीय. शेजारच्या सामानाच्या खोलीत त्या तिथेच दुरुस्त करायच्या ठरल्या. पुढच्या आठवड्यात.

सूनबाईच्या चपला होत नाहीत तिला. बाजारातून मोठ्या मापाच्या आणल्या, खूश झाली. डोकं दुखतं म्हणते. डिंकाच्या वासानं असेल, मी गॅरेजची खिडकी उघडी ठेवायला लागलोय. तपासणीची तारीख होती, पण कापडवाला येणार होता म्हणून तिनं पुढे ढकलली. हिचा फोन आला तेव्हा सांगितलं, सगळं ठीक आहे, वजनसुद्धा चांगलं भरतंय तिचं. वजनातलं मला कळतं, असंही म्हणालो.

१७ मार्च

सूनबाईला सुईत दोरा ओवता येईना. म्हणाली, डोळ्यांपुढे चमचम होतं, काजवे उडाल्यासारखं. चष्म्याचा नंबर बदलला असणार. हे काम संपलं की चष्मेवाल्याकडे नेतो.

२० मार्च

काल लिहायला बसलोच नाही. आज क्रमानं लिहितो.

काल सकाळी आम्ही सामानाच्या खोलीत होतो. सातवी खुर्ची झाली, आठवी उलटी करून जुनं लोखंड काढलं. सूनबाई भिंतीला टेकून बसली होती. बरगडीखाली कळ येते म्हणाली, वाकून वाकून आली असेल. तेवढ्यात मोठ्या सिस्टर चादरी घ्यायला आल्या. चादरी घेतल्या, वळल्या आणि थांबल्या. तिच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"डोकं दुखतं?"

"थोडं."

"डोळ्यांपुढे काही दिसतं?"

सूनबाईनं माझ्याकडे बघितलं. मीच म्हणालो, "काजवे म्हणते. चष्मा बदलायचाय तिचा."

सिस्टरच्या हातातल्या चादरी खाली पडल्या. आवाज मात्र चढला नाही. "आजोबा, ती सातवी खुर्ची इकडे सरकवा." सूनबाईला त्यात बसवलं, दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा बघितला. तो मला सांगितला नाही. त्यानंतर इतकी माणसं आली की मी पाना हातात धरून कोपऱ्यात मागे मागे होत गेलो. तिला चाकांच्या खाटेवरून नेताना तिनं मान वळवली. "बाबा, आठवी..." एवढंच ऐकू आलं.

डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं. रक्तदाब फार वाढलाय. सूज, डोकेदुखी, काजवे, कळ, सगळं त्याचंच. बाळ आत्ताच बाहेर काढावं लागेल, नाहीतर दोघांना धोका. "अजून एक दिवस घरी राहिल्या असत्या तर..."

संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमाराला, मुलगी झाली. मला दिसली ती नर्सच्या हातातली एक गुंडाळी, माझ्यासमोरून पळत गेलेली. सूनबाई अजून अतिदक्षता विभागात आहे. चिरंजीवाशी बोलणं झालं, आवाज तुटत होता. बंदर यायला अजून बरेच दिवस आहेत. तो विचारत होता, "बाबा, दोघी आहेत ना?" मी "आहेत" म्हणालो. एवढा छोटा शब्द इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं.

अंगठी, चपला, चष्मा. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी वजन भरतंय म्हणून खूश होतो.

२१ मार्च

ही परत आली, खोकत. बसच्या प्रवासात गारठलीय. मला काय बोलेल याची धास्ती होती. तिनं फक्त माझा हात धरला आणि सूनबाईच्या विभागाबाहेरच्या बाकावर बसली. खोकल्यामुळे बाळाच्या वॉर्डात तिला दारातूनच परत पाठवलं. नातीला भेटायला आजीला बंदी. बाप समुद्रात, आई बेशुद्धीसारखी झोपेत. उरलो मी.

काचेतून बघितली. अकराशे चाळीस ग्रॅम. मला वाटलं होतं रडू येईल. रडू नाही आलं. उंच डोंगराखाली उभं राहिल्यावर माणूस गप्प होतो, तसा झालो.

सामानाच्या खोलीत आठवी खुर्ची तशीच उलटी पडली होती. सिस्टर म्हणाल्या, "राहू द्या आजोबा, हे काय दिवस आहेत?" मी म्हणालो, हात रिकामे ठेवले तर डोकं फिरेल. जुनी भोकं बुजवली, नवी पाडली, यंत्रणा ठेवली, बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीनं आवळले. प्रत्येक वेळी वाटत होतं मागून ती म्हणेल, "बाबा, थोडं सैल." कुणी म्हणालं नाही. खुर्ची उभी केली, बसलो. सरकली. कुठे अडकली नाही, हिसका नाही. काळं कापड ठोकलं आणि वॉर्डात नेऊन ठेवली.

२४ मार्च

आज सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, सदरा काढा."

मी चपापलो. म्हणाल्या, बाळाला आता पेटीबाहेर अंगाची ऊब हवी. आई येईपर्यंत घरातलं कुणीतरी हवं. मी म्हणालो, माझं वय झालंय, छातीवर पांढरं जंगल आहे, ती घाबरेल. "तिला जंगलाचं काही नाही. तिला आत काय वाजतं ते ऐकायचंय."

अंघोळ करून आलो, नखं कापली. आठव्या खुर्चीत बसलो, तीच तिच्या पेटीशेजारी होती. सिस्टरांनी नळ्या-तारांसकट तिला उचललं आणि माझ्या छातीवर ठेवलं. वरून दुलई.

वजन कळलंच नाही. खरंच सांगतो, जन्मभराच्या सवयीनं मी वाट बघत होतो की आता काटा हलेल. ऊब कळली. एखाद्यानं ओंजळभर ऊन ठेवावं तशी. मग एक हालचाल, इतकी बारीक की माझाच भास वाटावा. तिचा श्वास होता तो. मी माझा रोखून धरला. सिस्टर म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही श्वास घ्या, ती तुमच्याकडून शिकतेय."

मग मी घेतला. आयुष्यात एवढ्या मनापासून कधी श्वास घेतला नसेल. टाचेनं जरासं रेटलं. खुर्ची सरकली, परत आली. आम्ही दोघं चार पट्ट्यांना लटकलेलो होतो, खाली जमीन होती, आणि तिला ते कळत नव्हतं. पडद्यावरचा आकडा खालीवर होत होता तो हळूहळू एका जागी आला. खिडकीबाहेर रस्त्यावर गाड्या चालल्या होत्या. लोक भाजी घेत होते. कुणालाच काही माहीत नव्हतं.

तिनं मूठ उघडली, माझ्या छातीवरचे दोन केस पकडले आणि ओढले. चांगलंच दुखलं. इतका आनंद मला कशानंच झाला नव्हता.

२८ मार्च

सूनबाईचा रक्तदाब आला खाली. सूज ओसरलीय, चेहरा पुन्हा तिचा दिसतोय. आज चाकांच्या खुर्चीतून तिला वॉर्डात आणलं. हिचा खोकला अजून हटत नाही, ती बाहेर बाकावरच.

सूनबाई पेटीजवळ आली. काचेला कपाळ टेकवलं आणि तशीच राहिली. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले आणि खुर्चीकडे बघितलं.

"ही कुणी बसवली?"

"मी. एकट्यानं."

तिच्या तोंडावर जुनं हसू आलं, दमलेलं पण तेच. "मग आधी तुम्ही बसून दाखवा."

"रोज बसतोय. तुझ्या लेकीला विचार."

बसली. सिस्टरांनी बाळाला तिच्या छातीवर ठेवलं. तिनं दोन्ही हात वरून घेतले आणि पाय जमिनीत रोवले. खुर्ची हलूच देईना. जबडा आवळलेला, खांदे वर चढलेले. या बाईनं सात खुर्च्या डोळे मिटून तपासल्या होत्या, आणि आता ती घाबरली होती. मी तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलो.

"सोड पाय. काही होत नाही. सोड."

"पडली तर?"

"नाही पडत. मी आवळलेत बोल्ट."

तिनं आधी एक टाच सैल केली, मग दुसरी. खुर्ची इवलीशी मागे गेली आणि पुढे आली. बाळानं तोंड उघडलं, मिटलं आणि आईच्या गळ्याखाली गाल टेकवला. तो गाल तिथे बरोबर बसला. सूनबाईचे खांदे खाली आले. ती वर छताकडे बघत रडत होती आणि खुर्ची सरकत होती. मोठ्या सिस्टरांनी माझ्याकडे न बघता पडदा ओढला, मला बाहेर ठेवून.

बाहेर ही उठून उभी राहिली. तोंडाला पदर, डोळे तेवढे दिसत होते. "घेतलं तिनं?"

मी मान हलवली.

"अहो, बोला ना! आठ दिवस झाले, मी नुसती दाराकडे बघतेय. कशी आहे? नाक कसं आहे? कुणावर गेलीय?"

मला खूप सांगायचं होतं, कानांतला उजेड, मूठ, तो गाल. मी हिच्या शेजारी बाकावर बसलो.

"अजून कुणावर गेली नाही गं," मी म्हणालो. "आत्ताच तर आलीय."